कमवा आणि शिका : कर्मवीर भाऊराव पाटील

परीक्षेत मागे पडलेल्या मुलाने पुस्तक ठेवून एखादे हातकाम शिकावे, असा सल्ला आजही सहज दिला जातो. बेंगळुरूसारख्या उद्योगनगरीत तर तो अधिकच व्यवहार्य वाटतो. परंतु हातकाम हे शाळेबाहेर जाण्याचे दार असावे की शाळेत टिकून राहण्याचे साधन, या प्रश्नाचे उत्तर कर्मवीर भाऊराव पाटील यांनी आपल्या आयुष्याने दिले.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. घराण्याचे मूळ कर्नाटकातील मूडबिद्रीचे. कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात शिकत असताना ते अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेले आणि परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. परिणामी त्यांना जैन वसतिगृह सोडावे लागले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. मात्र त्यांचे शालेय शिक्षण इंग्रजी सहावीच्या पुढे गेले नाही.

पुढे उपजीविकेसाठी त्यांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या. ज्या किर्लोस्करांनी १९४६ मध्ये आपल्या बेंगळुरूत विजेच्या यंत्रांचा कारखाना काढला, त्यांच्याच लोखंडी नांगराचा प्रसार करीत भाऊराव खेडोपाडी हिंडले. या भ्रमंतीत त्यांना शेतकऱ्याचे दारिद्र्य जवळून दिसले आणि त्याच्या मुळाशी असलेले अज्ञानही दिसले.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले. तेथील मुले एकत्र राहत, एका पंगतीस जेवत आणि स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामे स्वतःच करीत. वसतिगृहातील चूल पेटती राहावी म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले. अखेरीस मंगळसूत्रही राहिले नाही. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. कॉलेजातही विद्यार्थी श्रम करून शिकत.

भाऊरावांच्या योजनेचे मर्म येथेच आहे. कष्टाची कामे कुणा मागे पडलेल्या मुलांच्या वाट्याला वेगळी काढलेली नव्हती. ती सर्वांनाच करावी लागत. त्यामुळे श्रमाला कमीपणा चिकटला नाही. शिवाय घामाची कमाई शिक्षणाकडेच वळत असे. गरिबीने ज्याची शाळा सुटली असती, तो मुलगा कुदळीच्या आधाराने पुन्हा वर्गात येऊन बसे. तो उपकाराखाली दबून न जाता स्वतःच्या हक्काने शिकत असे.

१९५९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले आणि पुणे विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले. शाळा पुरी न करता आलेल्या या माणसाने हजारोंना शाळेची वाट खुली केली.

हीरक महोत्सवाच्या या वर्षी शाळेच्या यशस्वी विद्यार्थ्यांची नावे आपण अभिमानाने घेऊ. त्याबरोबरच, मध्येच शाळा सोडून गेलेल्यांची आठवणही ठेवली पाहिजे. त्यांना कामाला लावणे सोपे आहे. काम करता करता त्यांना परत वर्गात आणणे हे कर्मवीरांचे खरे स्मरण ठरेल.