कर्मवीर दादासाहेब गायकवाड: पुरस्काराच्या आधीचे काम

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या दुसऱ्या दिवशी, 15 ऑक्टोबरला, कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांची जयंती येते. याच सुमारास छत्रपती संभाजीनगरातील अनेक मंडळे आणि संस्था वर्षभराच्या पुरस्कारांसाठी नावे ठरवू लागतात. समाजभूषण, धम्मसेवक, आदर्श कार्यकर्ता अशा अनेक नावांनी हे पुरस्कार दिले जातात. ते द्यायलाच हवेत, असे आमचे मत आहे. घरचे खाऊन समाजाचे काम करणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवणारे कोणीतरी हवेच. पण तो हात कोणाच्या पाठीवर पडतो? हे ठरवताना दादासाहेबांचे आयुष्य समोर ठेवावे, असे आम्हाला वाटते.

भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म 1902 साली नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आंबे या गावी झाला. तरुणपणीच ते बाबासाहेबांच्या चळवळीत आले आणि शेवटपर्यंत तिच्यातच राहिले. 2 मार्च 1930 रोजी नाशिकला काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. सत्याग्रह समितीच्या चिटणीसपदाची जबाबदारी त्यांच्यावर होती.

पहिल्या दिवशी हजारो लोक आले, मोठी मिरवणूक निघाली. हा दिवस इतिहासात ठळकपणे नोंदला गेला. पण सत्याग्रह एका दिवसाचा नव्हता, तो जवळजवळ पाच वर्षे चालला. त्याच वर्षी बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले. सत्याग्रहींच्या तुकड्या उभ्या करणे, तुरुंगात गेलेल्यांच्या घरची विचारपूस, पैशांची जुळवाजुळव, गावोगावचा निरोप ही सगळी कामे नाशिकमध्ये दादासाहेब आणि त्यांचे सहकारी करत होते. बाबासाहेबांनी त्यांना वेळोवेळी लिहिलेली पत्रे आज पुस्तकरूपाने उपलब्ध आहेत. नेता दूर असताना चळवळ कोणाच्या भरवशावर चालते, हे त्यातून कळते. पुढे 1934 साली बाबासाहेबांनी मंदिर प्रवेशापेक्षा शिक्षण आणि राजकारणावर शक्ती लावण्याचा विचार त्यांना कळवला. दादासाहेबांनी कामाची दिशा बदलली, काम मात्र थांबवले नाही.

1937 साली ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर निवडून गेले. 1957 ते 1962 या काळात ते नाशिकचे खासदार म्हणून लोकसभेत होते, त्यानंतर 1968 पर्यंत राज्यसभेत होते. पदे आली, तरी त्यांची ओळख सभागृहापेक्षा रस्त्यावरच्या आणि शेतातल्या लढ्याने झाली.

या लढ्याचा एक धागा आपल्या मराठवाड्यातून जातो. आपला भाग हैदराबाद राज्यात असतानाच, 1953 साली, इथल्या भूमिहीनांनी पडीक सरकारी जमिनींसाठी सत्याग्रह केला. जमिनीचा हाच प्रश्न पुढे दादासाहेबांनी राज्यभर आणि देशभर नेला. 1959 साली खानदेश आणि नगर भागात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. 6 डिसेंबर 1964 रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, रिपब्लिकन पक्षाचा देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला आणि तो फेब्रुवारी 1965 पर्यंत चालला. तीन लाखांहून अधिक माणसे तुरुंगात गेली. नाशिकच्या शांताबाई दाणी यांच्यासारख्या कार्यकर्त्या या चळवळीत महिलांना घेऊन उतरल्या. भूमिहीनांना जमीन, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र आणि बौद्धांना सवलती या त्यातल्या प्रमुख मागण्या होत्या. तैलचित्र लागले 1990 साली, आणि बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्राने दिल्या त्याही 1990 साली. तोवर दादासाहेबांना जाऊन अठरा वर्षे झाली होती.

सरकारने 1968 साली त्यांना पद्मश्री दिली. त्याच्या कितीतरी आधी लोकांनी त्यांना कर्मवीर म्हटले होते. 29 डिसेंबर 1971 रोजी त्यांचे निधन झाले. आज अनुसूचित जाती आणि नवबौद्ध भूमिहीन कुटुंबांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची शासनाची योजना त्यांच्याच नावाने आहे. शालीपेक्षा आणि स्मृतिचिन्हापेक्षा हा सन्मान आम्हाला मोठा वाटतो. माणसाने ज्या प्रश्नासाठी आयुष्य घालवले, त्याच प्रश्नाला त्याचे नाव मिळाले.

आता आपल्या पुरस्कारांकडे पाहू. बऱ्याच ठिकाणी इच्छुकाने स्वतःच अर्ज भरायचा, वर्तमानपत्रांची कात्रणे आणि पाहुण्यांसोबतचे फोटो जोडायचे, अशी पद्धत पडली आहे. ज्याच्याकडे कात्रणे नाहीत तो मागे राहतो. विहारात रोज संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेणारी ताई, घाटीत रात्री-अपरात्री रक्तासाठी धावणारा मुलगा, जातीच्या दाखल्यासाठी म्हाताऱ्या माणसांना तहसीलला घेऊन जाणारा रिक्षावाला यांनी कधी फोटो काढलेला नसतो. त्यांना डावलून देणगीदाराला किंवा निवडणुकीच्या उमेदवाराला व्यासपीठावर बसवले, तर वस्तीतली तरुण मुले त्यातून काय शिकतील? काम करू नका, ओळखी वाढवा, हेच ना?

म्हणून निवड समित्यांनी दादासाहेबांच्या आयुष्यातून तीन कसोट्या घ्याव्यात, असे आम्ही सुचवतो. नेता, पाहुणे आणि कॅमेरा नसतानाही हे काम चालू होते का? या माणसाने आपल्या मागे आणखी चार माणसे उभी केली का? आणि या कामाचा फायदा सगळ्यात खालच्या माणसापर्यंत पोहोचला का? उत्तरे अर्जात शोधू नयेत. वस्तीत जाऊन तिथल्या आयाबायांना आणि विद्यार्थ्यांना विचारावीत. कार्यक्रमात प्रमुख पाहुण्यांच्या परिचयाइतकाच वेळ पुरस्कार घेणाऱ्याच्या कामाचा वृत्तांत वाचायला द्यावा. आणि हारतुऱ्यांचा खर्च कमी करून ती रक्कम त्याच्या कामाला द्यावी: अभ्यासिकेला पुस्तके, रुग्णसेवेला प्रवासखर्च.

तरुण मित्रांनो, येत्या जयंतीआधी आपापल्या वस्तीतले असे एक नाव शोधा आणि समितीपुढे ठेवा. तो माणूस स्वतः अर्ज करणार नाही, त्याचे काम आपणच सांगायला हवे.

जय भीम!