चवदार तळ्याचा दहा वर्षांचा खटला

२० मार्च १९२७ ही तारीख आपल्याला पाठ आहे. पण १७ मार्च १९३७ आपल्यापैकी किती जणांना आठवते? त्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयात चवदार तळ्याचा खटला आपण जिंकलो. तळ्याचे पाणी प्यायला एक दिवस पुरला, ते कायद्याने आपले ठरायला दहा वर्षे लागली.

बाबासाहेब १९२३ मध्ये मुंबईत वकिली करू लागले. त्याआधीच, १९१८ मध्ये, त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला होता. शेत किती एकरांचे आहे यापेक्षा त्यात भांडवल आणि माणसांचे प्रमाण काय आहे, हे त्यांनी महत्त्वाचे मानले. जमीन आणि पाणी हा त्यांच्या अभ्यासाचा विषय पहिल्यापासून होता.

महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे अस्पृश्यांना खुले केले होते. सत्याग्रहानंतर, ऑगस्ट १९२७ मध्ये, तो ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये सवर्णांनी दिवाणी दावा लावला. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी तिथे न येण्याची वहिवाट पूर्वापार आहे, असा त्यांचा दावा होता. प्रतिवादींमध्ये स्वतः बाबासाहेब होते. न्यायालयाचा मनाई हुकूम आला, तेव्हा हजारो लोक जमलेले असूनही तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब करण्यात आला. लढाई आता कागदांवर आली. महाडच्या न्यायालयाने १९३१ मध्ये, ठाण्याच्या अपिलात १९३३ मध्ये आणि शेवटी उच्च न्यायालयाने निकाल आपल्याच बाजूने दिला. तळे सार्वजनिक, नगरपालिकेच्या ताब्यातले ठरले. पूर्वापार वहिवाट सिद्ध झाली नाही.

तीच नजर जमिनीकडे होती. तुटपुंज्या वतनी जमिनीपायी महारांना गावकीत राबवणाऱ्या वतनाविरुद्ध त्यांनी १९२८ मध्ये विधेयक आणले. कोकणातील खोती संपवण्यासाठी १७ सप्टेंबर १९३७ रोजी दुसरे आणले आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. दोन्ही विधेयके तेव्हा मंजूर झाली नाहीत. पण खोती १९४९ च्या आणि महार वतने १९५८ च्या कायद्याने गेलीच.

१९४२ पासून व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्याच खात्याने पुढे नेली. पूर अडवणे, सिंचन आणि वीज यांचा विचार एका नदीसाठी एकत्र व्हावा, ही त्यामागची भूमिका होती.

आज गायरानावरचे अतिक्रमण म्हणून आपल्या वस्तीला नोटीस येते, तेव्हा आपण आधी मोर्चा काढतो. मोर्चा हवाच. पण सातबारा, फेरफार, गाव नकाशा कोण वाचणार? महाडला लोक चालून गेले आणि वकील दहा वर्षे तारखांना उभे राहिले. दोन्ही केले, म्हणून तळे आपले झाले. आपल्या प्रत्येक शाखेतून निदान एका मुलाने, एका मुलीने जमीन आणि पाण्याचा कायदा शिकावा. १७ मार्चला हाच संकल्प करू या.

जय भीम!