लाव्हाझिए : केमिस्ट्रीच्या पलीकडचा

फर्स्ट इयरच्या व्हायवात लाव्हाझिएचं नाव निघालं की आपण वस्तुमान अक्षय्यतेचा नियम सांगून मोकळे होतो. पण मित्रांनो, हा माणूस तरुणपणी दगडमातीच्या नादाला लागला होता, हे किती जणांना माहीत आहे?

अंत्वान लाव्हाझिएचा जन्म १७४३ साली पॅरिसमध्ये झाला. वडील वकील, म्हणून त्यानेही कायद्याची डिग्री घेतली. वकिली मात्र केली नाही. गेतार नावाच्या भूशास्त्रज्ञाबरोबर तो फ्रान्सभर हिंडला. १७६७ मध्ये दोघे घोड्यावरून थेट व्होज पर्वतापर्यंत गेले. लाव्हाझिए बॅरोमीटरने जमिनीच्या थरांची उंची मोजायचा. एक कोडं त्याला सुटेना. एकाच जागी कुठे गोट्यांचा थर, कुठे बारीक गाळाचा, असं का?

पुढे सरकारी कर वसूल करणाऱ्या कंपनीत भागीदारी, लग्न, ऑक्सिजनवरचं काम, यात वीस वर्षं गेली. तरी ते कोडं तो विसरला नव्हता. १७८९ च्या सुमारास त्याने उत्तर मांडलं. किनाऱ्यावर लाटांचा जोर असतो, तिथे गोटेच टिकतात. थोडं पुढे वाळू, त्यापुढे बारीक चिखल आणि खोल, शांत पाण्यात शिंपल्यांचा चुनखडीचा गाळ. समुद्राची पातळी वाढली की किनारा जमिनीकडे सरकतो, आणि जुन्या गोट्यांवर बारीक गाळ बसतो. पातळी उतरली की उलट. म्हणजे थरांचा क्रम पाहून समुद्र चढला की उतरला ते कळतं! आणि हे अनेकदा घडलं असणार, म्हणजे पृथ्वीचं वय प्रचंड असणार, हेही त्याने ओळखलं.

पाणी का चढतं-उतरतं याचं एक मोठं कारण आज आपल्याला माहीत आहे. हिमयुगात पाणी बर्फात अडकतं. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटर खाली होता. तेल शोधणारे इंजिनिअर आजही थर वाचताना हाच विचार वापरतात.

लाव्हाझिएला मात्र पुढे वेळच मिळाला नाही. कर वसुलीच्या ज्या पैशातून त्याची लॅब चालली, तीच वसुली क्रांतीच्या काळात त्याच्या जिवावर उठली. ८ मे १७९४ रोजी, वयाच्या पन्नाशीत, त्याला गिलोटीनवर चढवलं. लाखो वर्षांचा हिशोब मांडणाऱ्या माणसाचा खटला एका दिवसात आटोपला.