बादशहाची मेल्यावरची पदवी

आजोबा वारले की लग्नपत्रिकेत त्यांच्या नावाआधी 'कै.' छापतात, म्हणजे कैलासवासी. मोगल बादशहांनाही मेल्यावर असेच नाव मिळे, पण ते दरबाराचे.

औरंगजेब १६१८ साली दाहोदला जन्मला. १६५८ साली त्याने बाप शहाजहानला आग्र्याच्या किल्ल्यात कोंडले आणि स्वतः गादीवर बसला. 'आलमगीर', म्हणजे जग जिंकणारा, ही पदवी त्याने जिवंतपणीच घेतली. बाप १६६६ साली कैदेतच मेला. त्याला नाव मिळाले 'फिरदौस-आशियानी', स्वर्गात घरटे असलेला!

१६८१ साली औरंगजेब दक्षिणेत आला. आपल्या मलकापूरच्या वर बुऱ्हाणपूर आहे ना, तिथे आधी उतरला. १६८९ साली त्याने संभाजी महाराजांना हालहाल करून मारले, तरी मराठे काही हटले नाहीत. म्हातारा पंचवीस वर्षे इकडेच अडकला, दिल्ली पुन्हा दिसली नाही. ३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) तो मेला.

दरबाराने त्याला म्हटले 'खुल्द-मकान', स्वर्गात राहणारा. बापाला कोंडणारा स्वर्गात कसा, हे विचारायची कोणाची छाती होती? वेरूळजवळच्या रौझा गावात त्याला पुरले आणि त्या पदवीवरून गाव झाले खुलदाबाद. कबर मात्र अगदी साधी, वर छप्परसुद्धा नाही.