अँड्र्यू जॅक्सन : एक अध्यक्ष, दोन मापे

१८३२ साली अमेरिकेतील दोन घटक राज्यांनी मध्यवर्ती सत्तेला उघड आव्हान दिले. जॉर्जियाचे कायदे चेरोकी जमातीच्या प्रदेशात लागू होत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मार्च महिन्यात दिला आणि जॉर्जियाने तो सरळ धुडकावून लावला. नोव्हेंबरमध्ये साउथ कॅरोलिनाने अमेरिकी काँग्रेसचे आयात जकातीचे कायदे आपल्या हद्दीपुरते रद्दबातल ठरवले. एका राज्याने मध्यवर्ती न्यायालयाला जुमानले नाही, दुसऱ्याने मध्यवर्ती विधिमंडळाला. अध्यक्षपदी अँड्र्यू जॅक्सन होता. साउथ कॅरोलिनाविरुद्ध त्याने सैन्य वापरण्याची सिद्धता केली. जॉर्जियाच्या बाबतीत मात्र इकडची काडी तिकडे केली नाही. सामान्य माणसाचा कैवारी म्हणून निवडून आलेल्या या अध्यक्षाच्या कारकिर्दीचे मर्म या दोन वर्तनांमधील अंतरात आहे.

जॅक्सनचा जन्म १५ मार्च १७६७ रोजी, नॉर्थ आणि साउथ कॅरोलिनाच्या सीमेवरील वॅक्सहॉ वस्तीत झाला. आईबाप उत्तर आयर्लंडमधून दोनच वर्षांपूर्वी आलेले. वडील त्याच्या जन्माआधीच वारले. तेराव्या वर्षी तो स्वातंत्र्ययुद्धात निरोप्या म्हणून शिरला आणि पुढच्या वर्षी ब्रिटिशांच्या हाती लागला. एका अधिकाऱ्याचे बूट पुसण्याचे नाकारल्याबद्दल तलवारीचा वार त्याच्यावर झाला. त्याचा व्रण जन्मभर राहिला. दोन्ही भाऊ युद्धकाळात गेले. कैदी सैनिकांची शुश्रूषा करता करता आईही तापाने गेली. चौदाव्या वर्षी पूर्ण पोरक्या झालेल्या या मुलाच्या मनात सत्ताधीशांविषयीची चीड आणि स्वतःच्या बळावरचा विश्वास या दोन्ही गोष्टी कायमच्या रुजल्या.

थोडेबहुत कायद्याचे शिक्षण घेऊन तो १७८८ मध्ये नॅशव्हिलला गेला. टेनेसी हे १७९६ साली राज्य झाले, तेव्हा प्रतिनिधिगृहात त्या राज्याचा तो पहिला प्रतिनिधी ठरला. पुढे काही काळ सिनेटर आणि मग न्यायाधीशही झाला. नॅशव्हिलजवळ ‘हर्मिटेज’ हा कापसाचा मळा त्याने उभा केला. मृत्यूच्या वेळी त्याच्या मालकीचे सुमारे १५० गुलाम होते. गरिबीतून वर आलेला हा नेता दक्षिणेतील मळेवाल्यांपैकीच एक होता, ही गोष्ट त्याच्या लोकवादाचा विचार करताना विसरून चालणार नाही.

त्याला देशभर ख्याती दिली ती युद्धाने. मार्च १८१४ मध्ये हॉर्सशू बेंडच्या लढाईत त्याने क्रीक जमातीचा मोड केला. त्या लढाईत चेरोकी योद्धे त्याच्या बाजूने लढले होते. नंतरच्या तहाने क्रीकांची दोन कोटी एकरांहून अधिक जमीन हिसकावली गेली. ८ जानेवारी १८१५ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे त्याने ब्रिटिश फौजेचा पराभव केला. तहावर सह्या आधीच झाल्या होत्या, पण ती वार्ता अमेरिकेत पोचायची होती. विजयानंतरही त्याने शहरातील लष्करी कायदा उठवला नाही, उलट त्याला हरकत घेणाऱ्या मध्यवर्ती न्यायाधीशालाच अटकेत टाकले. त्याबद्दल झालेला १,००० डॉलरचा दंड त्याने मुकाट्याने भरला. कायदा आपल्या हेतूच्या आड आला तर काय करावे, याविषयी त्याच्या मनात फारसा संभ्रम नव्हता.

१८२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्याला सर्वाधिक, म्हणजे ९९ निर्वाचक मते पडली. पण स्पष्ट बहुमत कोणालाच नव्हते. निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली. सभापती हेन्री क्ले याच्या पाठिंब्याने जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स अध्यक्ष झाला आणि क्ले त्याचा परराष्ट्रमंत्री. जनतेचा कौल पुढाऱ्यांनी सौदा करून चोरला, अशी जॅक्सनची खात्री पटली. त्या काळात गोऱ्या पुरुषांच्या मताधिकारावरील मालमत्तेची अट राज्याराज्यांतून सुटत होती. १८२८ मध्ये या वाढलेल्या मतदारवर्गाने त्याला १७८ विरुद्ध ८३ निर्वाचक मतांनी निवडून दिले. काँग्रेसचे सभासद एकेका मतदारसंघाचे किंवा राज्याचे. समग्र जनतेचा प्रतिनिधी एकटा अध्यक्ष, ही त्याची धारणा यातून बनली. त्याआधीच्या सहा अध्यक्षांनी मिळून जितक्या वेळा नकाराधिकार वापरला होता, त्याहून अधिक वेळा, एकूण १२ वेळा, त्याने तो वापरला.

मे १८३० मधील लागोपाठचे दोन दिवस त्याचा कल दाखवतात. २७ मे रोजी त्याने मेजव्हिल रस्त्याचे विधेयक नाकारले. साठ मैलांचा हा रस्ता सर्वस्वी केंटकी राज्यात आहे. त्यासाठी मध्यवर्ती खजिना रिता करण्याचा अधिकार घटनेने दिलेला नाही, असे त्याचे म्हणणे होते. दुसऱ्याच दिवशी त्याने मूलनिवासी जमातींना मिसिसिपी नदीपलीकडे हलवण्याच्या कायद्यावर सही केली. प्रतिनिधिगृहात हा कायदा १०२ विरुद्ध ९७ अशा निसटत्या बहुमताने संमत झाला होता. त्यासाठी ५ लाख डॉलरची तरतूदही होती. रस्ता बांधताना तोकडी पडणारी मध्यवर्ती सत्ता संपूर्ण जमाती हलवण्यास मात्र समर्थ ठरली.

बँकेविरुद्धचा लढा हा त्याच्या लोकप्रियतेचा कळस. १८१६ साली वीस वर्षांची सनद मिळालेल्या दुसऱ्या युनायटेड स्टेट्स बँकेत सरकारचे भांडवल एक-पंचमांश होते. बाकीचे खाजगी भागधारकांचे, आणि त्यांत काही परदेशी. सरकारी ठेवी मात्र सगळ्या तिच्याकडे. बँकेचा अध्यक्ष निकोलस बिडल हा कर्तबगार होता, पण काँग्रेसचे सभासद आणि संपादक यांना कर्जे देऊन त्याने मित्रही जोडले होते. मूठभरांच्या हाती एवढी आर्थिक सत्ता असू नये, या जॅक्सनच्या आक्षेपात तथ्य होते. राज्याराज्यांतील बँकांच्या बेसुमार कागदी नोटांना लगाम घालण्याचे काम हीच बँक करीत होती, हेही तितकेच खरे. जुलै १८३२ मध्ये सनदेच्या नूतनीकरणाचे विधेयक त्याने नाकारले. बँक घटनासंमत असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा १८१९ चा निर्णय आपल्यावर बंधनकारक नाही, घटनेचा अर्थ लावण्याचा अध्यक्षालाही तेवढाच अधिकार आहे, असा पवित्रा त्याने घेतला. त्या वर्षीच्या निवडणुकीत त्याने क्लेचा २१९ विरुद्ध ४९ मतांनी धुव्वा उडवला.

हा विजय म्हणजे पुढील प्रत्येक कृतीला मिळालेली मंजुरी, असे त्याने मानले. सरकारी ठेवी बँकेतून काढण्याचा अधिकार कायद्याने अर्थमंत्र्याला होता. तो तयार होईना, तेव्हा सप्टेंबर १८३३ मध्ये जॅक्सनने त्याला बडतर्फ करून रॉजर टॅनी याला त्या जागी आणले. नव्या ठेवी निवडक राज्य-बँकांत जाऊ लागल्या. मार्च १८३४ मध्ये सिनेटने अध्यक्षावर ठपका ठेवला. जानेवारी १८३७ मध्ये, बहुमत फिरल्यावर, त्याच सिनेटने तो ठराव आपल्या दप्तरातून खोडला. बँक संपली, पण सट्टेबाजी संपली नाही. १८३७ च्या आर्थिक अरिष्टाला इंग्लंडमधील आखडलेली पतही कारण होती. तरी त्या वेळी लगाम धरणारी मध्यवर्ती संस्था देशात उरली नव्हती.

साउथ कॅरोलिनाच्या संघर्षात जॅक्सनची दुसरी बाजू दिसते. १८२८ च्या चढ्या आयात जकातीने उत्तरेतील कारखानदारांचे रक्षण होई आणि दक्षिणेतील कापूस पिकवणाऱ्यांना माल महाग पडे. १८३२ च्या कायद्याने जकात थोडी उतरली, पण मळेवाल्यांचे समाधान झाले नाही. घटक राज्याला मध्यवर्ती कायदा अमान्य करण्याचा हक्क आहे, हा सिद्धांत जॉन कॅलहून याने निनावी मांडला होता आणि तो जॅक्सनचाच उपाध्यक्ष होता. १० डिसेंबर १८३२ च्या जाहीरनाम्यात जॅक्सनने त्या सिद्धांताचा निकाल लावला. हे संघराज्य म्हणजे राज्यांनी केलेला मोडता येण्याजोगा करार नव्हे. ते जनतेने निर्मिले आहे आणि शस्त्रबळाने ते फोडणे हा राष्ट्रद्रोह होय, असा त्याचा आशय होता. २ मार्च १८३३ रोजी बळाच्या वापराचा कायदा आणि जकात टप्प्याटप्प्याने उतरवणारा तडजोडीचा कायदा, दोहोंवर त्याने एकाच दिवशी सह्या केल्या. साउथ कॅरोलिनाने माघार घेतली. दृढता आणि तडजोड यांचा असा मेळ त्याच्या आयुष्यात विरळाच.

हीच दृढता जॉर्जियाच्या बाबतीत कोठे गेली? चेरोकींची स्वतःची लेखी घटना होती, लिपी होती, वृत्तपत्र होते आणि मध्यवर्ती सरकारशी झालेले तह होते. राज्याचा परवाना न घेता त्यांच्या प्रदेशात राहिल्याबद्दल सॅम्युअल वूस्टर आणि एलायझर बटलर या मिशनऱ्यांना जॉर्जियाने सक्तमजुरी दिली. सरन्यायाधीश जॉन मार्शलने ती शिक्षा बेकायदा ठरवली. त्यावर मार्शलला आव्हान देणारे एक वाक्य जॅक्सनच्या तोंडी घातले जाते. त्याला समकालीन आधार नाही. अंमलबजावणीचा हुकूम अध्यक्षापुढे आला नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. परंतु जॉर्जियापासून चेरोकींचे रक्षण करता येणार नाही, हे त्याने निर्णयापूर्वीच सांगून टाकले होते. साउथ कॅरोलिनाचे प्रकरण पेटल्यावर जॉर्जिया तिला मिळू नये म्हणून त्याच्या सहकाऱ्यांनी गव्हर्नरची समजूत घातली आणि जानेवारी १८३३ मध्ये मिशनरी सुटले. पेच मिटला, चेरोकींच्या हाती काही आले नाही.

डिसेंबर १८३५ मध्ये चेरोकींतील एका लहान गटाशी तह करण्यात आला. प्रमुख जॉन रॉस आणि बहुसंख्य जमात यांचा त्याला विरोध असतानाही सिनेटने तो जेमतेम एका मताने मंजूर केला. १८३८ मध्ये, जॅक्सनचा वारस मार्टिन व्हॅन ब्यूरन याच्या कारकिर्दीत, त्याची अंमलबजावणी झाली. न्यायालयाच्या निर्णयानंतर चेरोकींच्या रक्षणासाठी जे मध्यवर्ती सैन्य जॉर्जियात गेले नाही, ते त्यांना घराबाहेर काढण्यासाठी गेले. सुमारे १६,००० चेरोकींपैकी अदमासे ४,००० या देशांतरात मृत्युमुखी पडले.

८ जून १८४५ रोजी हर्मिटेज येथे जॅक्सनचे निधन झाले. त्याचा वारसा दोन वाटांनी गेला. १८६१ मध्ये दक्षिणेची राज्ये फुटून निघाली, तेव्हा पहिले अध्यक्षीय भाषण लिहिताना अब्राहम लिंकनने त्याचा १८३२ चा जाहीरनामा समोर ठेवला होता. दुसरीकडे, जॅक्सनने सरन्यायाधीश केलेल्या टॅनीनेच १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारले. पुढे १९२८ साली, मध्यवर्ती बँकेच्या आणि कागदी पैशाच्या या कट्टर विरोधकाचे चित्र मध्यवर्ती बँकेच्याच २० डॉलरच्या नोटेवर छापले गेले.

मध्यवर्ती सत्ता बलवान असावी की मर्यादित, या प्रश्नाला जॅक्सनने एकच उत्तर कधी दिले नाही. धनिकांच्या बँकेपुढे त्याला ती मर्यादित हवी होती, फुटीर राज्यापुढे बलवान आणि चेरोकींच्या हाकेला बहिरी. लोकमताच्या बळावर तो उभा होता, पण ते लोकमत ज्यांना मत होते त्यांचेच होते. चेरोकींना मत नव्हते, हर्मिटेजच्या मळ्यावर राबणाऱ्यांनाही नव्हते. अशांसाठी बहुमताहून वेगळा आधार लागतो. तो तहांत होता, घटनेत होता आणि मार्शलच्या निर्णयातही होता. त्याच्या पाठीशी उभे राहणे हे अध्यक्षाचे काम होते.