सलीम अली आणि किहीमची सुगरण

पक्ष्यांचा विषय निघाला की डॉ. सलीम अलींचं नाव येतंच. पण हाच माणूस एके काळी बेकार होता, हे आपल्या मुलांना फारसं माहीत नसतं.

१२ नोव्हेंबर १८९६ ला मुंबईत सुलेमानी बोहरा घराण्यात त्यांचा जन्म झाला. आईवडील लहानपणीच गेले, मामू अमीरुद्दीन तय्यबजींनी वाढवलं. पुढे मुंबईच्या म्युझियममध्ये गाईडची नोकरी लागली. रजा घेऊन ते पक्षीशास्त्र शिकायला बर्लिनला गेले. १९३० मध्ये परतले, तर पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली! हातात विद्यापीठाची डिग्रीही नव्हती.

मग बेगम तेहमिना यांच्यासोबत ते अलिबागजवळ किहीमला राहिले. पावसाळ्यात घराजवळच्या झाडावर सुगरण पक्षी घरटी विणू लागले. सलीम अली रोज तासन्‌तास बसून सगळं टिपत राहिले. नाव सुगरण, पण विणणारा नर. अर्धं घरटं झालं की तो पंख फडफडवून मादीला बोलावतो. ती आत शिरून पारखते. पसंत पडलं तरच संसार. ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या दुसरं घरटं विणून दुसरीला बोलावतो! हे आधी कुणी नीट नोंदवलंच नव्हतं.

१९३१ मध्ये हा अभ्यास छापून आला आणि नाव झालं. पुढे पद्मविभूषणही मिळालं. २० जून १९८७ ला त्यांचा इंतकाल झाला.

नोकरी नाही म्हणून घरात खचून बसलेल्या मुलाला किहीमची ही गोष्ट जरूर सांगा.