यूजीन हूद्री : धुराशी झुंजणारा संशोधक

पावसाळ्यात ओल्या लाकडांनी चूल पेटवणाऱ्या आईला आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. घरभर धूर कोंडतो, डोळ्यांना धारा लागतात, आणि मग ती फुंकणी हाती घेते. चार फुंकरा बसतात न बसतात तोच भप्पकन् जाळ होतो आणि जो धूर आपल्याला रडवीत होता तोच पेट घेऊन नाहीसा होतो. ह्या साध्या प्रसंगात विज्ञानाचे एक मोठे सूत्र दडलेले आहे. धूर होतो तो लाकूड जळते म्हणून नव्हे, तर ते पुरते जळत नाही म्हणून. त्याला पुरेशी आच आणि पुरेसा वारा मिळाला, की धूर उरत नाही. चुलीपुढे बसणाऱ्या प्रत्येक गृहिणीला हे ठाऊक असते. मोटारीच्या नळीतून निघणाऱ्या धुराला हेच सूत्र लावण्यासाठी ज्याने उतारवयात कंबर कसली, त्या यूजीन हूद्री नावाच्या पुरुषाचे चरित्र आम्ही आज विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

हूद्री ह्यांचा जन्म १८ एप्रिल १८९२ रोजी फ्रान्समध्ये, पॅरिसनजीकच्या दोमाँ या गावी झाला. वडिलांचा पोलादाचा कारखाना होता. मुलाने तोच व्यवसाय पुढे चालवावा हे ठरलेलेच होते. पॅरिसच्या सुप्रसिद्ध तंत्रविद्यालयात त्यांनी यंत्रशास्त्राचे शिक्षण घेतले आणि १९११ साली सुवर्णपदकासह ते बाहेर पडले. अभ्यासात पहिले आणि मैदानावर मागे, असे मात्र ते नव्हते. विद्यालयाच्या फुटबॉल संघाचे ते कर्णधार होते. पुस्तक आणि चेंडू ह्यांचे वैर असते असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

कारखान्यात त्यांचा जम बसतो न बसतो तोच १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. हूद्री सैन्यात दाखल झाले आणि पुढे रणगाड्यांच्या पथकात गेले. १९१७ च्या एप्रिलमध्ये जुव्हँकूरच्या लढाईत फ्रेंच रणगाडे प्रथमच रणांगणात उतरले. शत्रूच्या भडिमारात ते एकामागून एक निकामी होऊ लागले, तेव्हा बंद पडलेले रणगाडे दुरुस्त करवून घेत असता हूद्री गंभीर जखमी झाले. त्या धैर्याबद्दल त्यांना युद्धपदक मिळाले. तोफेच्या माऱ्यात इंजिन दुरुस्त करणाऱ्या ह्या तरुणाचे पुढले सारे आयुष्य इंजिनाशीच जोडलेले राहिले, हा योगायोग म्हणावा काय?

युद्ध संपल्यावर त्यांना शर्यतीच्या मोटारींचे वेड लागले. १९२२ साली ते अमेरिकेस गेले, तेथील इंडियानापोलिसची प्रख्यात शर्यत त्यांनी पाहिली आणि फोर्ड ह्यांचा अवाढव्य कारखानाही पाहिला. मोटारींची संख्या अफाट वाढणार हे त्यांनी तेथेच ओळखले. पण इंजिन कितीही उत्तम असले तरी त्याला मिळणारे पेट्रोल हलक्या प्रतीचे असेल तर ते ठोके देते आणि त्याची शक्ती वाया जाते. तेव्हा उत्तम पेट्रोल भरपूर आणि स्वस्त कसे बनवावे, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला. चालू धंदा बाजूला सारून ते संशोधनाकडे वळले.

फ्रान्समध्ये खनिज तेल फारसे नाही, पण लिग्नाइट म्हणजे हलक्या प्रतीचा कोळसा आहे. त्यापासून पेट्रोल काढण्याचा प्रयत्न त्यांनी प्रथम केला. सरकारच्या साहाय्याने १९२९ साली कारखानाही उभा राहिला. पेट्रोल तयार झाले, परंतु खर्चाचा मेळ बसेना. सरकारने हात आखडता घेतला आणि कारखाना बंद पडला. सात वर्षांचे श्रम पाण्यात गेले, असे कोणीही म्हटले असते. हूद्रींनी तसे मानले नाही. त्या खटाटोपात त्यांना उत्प्रेरकांची सखोल ओळख झाली होती आणि तीच पुढे त्यांचे भांडवल ठरली.

उत्प्रेरक म्हणजे काय, हे लहान वर्गांतील मुलांसाठी थोडक्यात सांगतो. सोयरीक जुळवणारा मध्यस्थ दोन घरे एकत्र आणतो, पण स्वतः बोहल्यावर चढत नाही. लग्न लागले की तो पुढल्या घरी जायला मोकळा. रसायनशास्त्रात असे काम करणाऱ्या पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात. तो क्रिया घडवून आणतो, तिचा वेग वाढवतो आणि स्वतः मात्र तसाच शिल्लक राहतो.

आम्लाने संस्कारित केलेल्या एका विशिष्ट मातीवरून जड तेलाची तप्त वाफ नेली, तर तेलाचे मोठे रेणू तुटून उत्तम पेट्रोल बनते, असे हूद्रींना दिसून आले. अडचण एकच होती. काही मिनिटांतच त्या मातीवर कोळशाचा थर बसे आणि ती निरुपयोगी होई. इतरांनी अशा वेळी नवी माती शोधली असती. हूद्रींनी त्याच मातीवर हवा सोडून तो कोळसा जाळून टाकला आणि माती पुन्हा ताजी केली. ह्यात मोठी सावधगिरी हवी. हवा कमी पडली तर कोळसा जळत नाही, उष्णता बेसुमार वाढली तर मातीच कायमची बाद होते. तेव्हा हवेचे माप आणि उष्णतेचे माप, दोन्ही हाती ठेवावी लागतात. त्यांनी अनेक पात्रे जोडून अशी योजना केली, की एकात तेल तुटत असता दुसऱ्यात कोळसा जळावा आणि त्या जळण्याची उष्णता तेल तोडण्याच्या कामी यावी.

फ्रान्समध्ये ह्या शोधाला आश्रय मिळेना. अमेरिकेतील एका तेल कंपनीचे बोलावणे आले आणि १९३० साली हूद्री तिकडे गेले. पुढे सन ऑइल कंपनीही त्यात सहभागी झाली. १९३७ साली पेनसिल्व्हेनियातील मार्कस हुक येथे मोठा कारखाना सुरू झाला. कोळसा जाळून निघालेल्या वायूनेच टर्बाइन फिरावे आणि त्या टर्बाइनने पुन्हा हवा दाबून पुरवावी, अशी तेथील रचना होती. जे इतरांनी धुराड्यातून सोडून दिले असते त्यालाच हूद्रींनी कामाला जुंपले.

दोनच वर्षांत दुसरे महायुद्ध सुरू झाले. विमानांना उच्च प्रतीचे पेट्रोल लागते आणि दोस्त राष्ट्रांच्या विमानांना ते पुरवण्यात हूद्रींच्या पद्धतीचा मोठा वाटा होता. परंतु त्याच काळात त्यांच्यावर एक कठोर प्रसंग ओढवला. १९४० साली फ्रान्स पडला आणि जर्मनीपुढे नमलेले सरकार व्हिशी येथे अधिकारावर आले. हूद्रींनी त्या सरकारचा उघड निषेध केला आणि स्वतंत्र फ्रान्सच्या बाजूने अमेरिकेत उभारलेल्या संघटनेचे अध्यक्षपद स्वीकारले. ह्याची शिक्षा म्हणून १९४१ साली व्हिशी सरकारने त्यांचे नागरिकत्व काढून घेतले. ज्या भूमीसाठी रक्त सांडले तिच्याच नावाने चालणाऱ्या सरकारने त्यांना परके ठरवले. पुढल्या वर्षी ते अमेरिकेचे नागरिक झाले. देश आणि देशाच्या नावाने बोलणारी सत्ता ह्या दोन गोष्टी प्रत्येक वेळी एकच नसतात, हे त्यांच्या वागण्यातून शिकण्यासारखे आहे.

येथे चरित्र संपले असते तरी ते थोर ठरले असते. धन होते, कीर्ती होती, वय पन्नाशीच्या पुढे गेले होते. पण आम्हांला हूद्री थोर वाटतात ते ह्यापुढल्या कामासाठी.

१९५० च्या सुमारास लॉस एंजेलिस शहरावर पसरणाऱ्या धुरकट हवेचा अभ्यास प्रसिद्ध होऊ लागला. लोकांचे डोळे चुरचुरत, श्वास कोंडे. दोष बहुतांशी मोटारींचा आहे, असे त्यातून दिसू लागले. हूद्री अस्वस्थ झाले. मोटारींना भरपूर पेट्रोल मिळवून देण्यात ज्यांचा हात होता, त्यांनीच त्या पेट्रोलच्या धुराचाही विचार करावयास हवा, असा सरळ न्याय त्यांनी स्वतःला लावला असावा. ह्या कामासाठी त्यांनी स्वतंत्र कंपनी स्थापन केली.

इंजिनात पेट्रोल क्षणार्धात जळते, त्यामुळे ते पुरते जळत नाही. अर्धवट जळलेले इंधन आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू नळीतून बाहेर पडतो. नळीत तो पुन्हा जाळायचा तर चुलीसारखा जाळ करता येत नाही. तेथे उत्प्रेरक हवा. हूद्रींनी चिनी मातीच्या दांड्यांवर अॅल्युमिना आणि प्लॅटिनम ह्यांचा पातळ थर देऊन त्या धुराच्या वाटेत बसवल्या. त्यांच्या स्पर्शाने विषारी वायूचा प्राणवायूशी संयोग होई आणि निरुपद्रवी वायू व पाण्याची वाफ बाहेर पडे. येथेही तीच जुनी दोन मापे होती. धूर पुरेसा तापलेला नसेल तर उत्प्रेरक जागा होत नाही, त्यात हवा नसेल तर जळायला काही मिळत नाही, आणि उष्णता मर्यादेबाहेर गेली तर उत्प्रेरकच मरतो. मातीवरला कोळसा जाळताना शिकलेला धडा धुराच्या नळीत उपयोगी पडला. १९५६ साली त्यांना ह्या शोधाचे पेटंट मिळाले.

पण मोटारींत तो शोध टिकला नाही. त्या काळी इंजिनाचे ठोके थांबवण्यासाठी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालीत. ते शिसे धुराबरोबर येऊन प्लॅटिनमवर बसे आणि उत्प्रेरकाला निर्जीव करी. तेलाचे कारखाने शिसे सोडीनात, आणि शिसे आहे तोवर हूद्रींचे यंत्र रस्त्यावर चालेना. बंदिस्त गोदामांत फिरणाऱ्या वाहनांसाठी तेवढा त्याचा उपयोग झाला. १९५९ साली त्यांना रसायनशास्त्रातील मानाचे पर्किन पदक मिळाले. १८ जुलै १९६२ रोजी त्यांचे देहावसान झाले. आपले यंत्र घराघरांतील मोटारींत बसलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

मात्र त्यांनी पेरलेले उगवल्यावाचून राहिले नाही. अमेरिकेत १९७० साली हवेच्या शुद्धतेचा कडक कायदा झाला, बिनशिशाचे पेट्रोल विक्रीस आले आणि १९७५ पासूनच्या मोटारींत इतरांनी सुधारलेली ही उत्प्रेरक यंत्रे बसू लागली. आपल्या देशात १९९५ साली मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास ह्या चार महानगरांतील नव्या मोटारींना ती सक्तीची झाली, आणि २००० साली शिशाचे पेट्रोल देशातून हद्दपार झाले. जगातून ते पुरते नाहीसे होण्यास २०२१ साल उजाडावे लागले.

आज ही विद्या पुष्कळ पुढे गेली आहे. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, हे प्रमाण नळीतील प्राणवायू मोजणारे उपकरण क्षणोक्षणी राखते. डिझेलची गोष्ट न्यारी. त्याच्या इंजिनात हवा मुबलक असते, म्हणून त्याचा धूर पुष्कळदा हवा तितका तापत नाही. काजळी अडवणारी गाळणी तर पुष्कळदा सहाशे अंशांच्या आसपास ऊन धूर मिळाल्याखेरीज पुरती स्वच्छ होत नाही. म्हणून इंजिनाकडे जाणारी हवा थोडा वेळ रोखून किंवा इंधन थोडे उशिरा सोडून धुराची उष्णता मुद्दाम वाढवतात. म्हणजे फुंकणीने वारा घालण्याऐवजी येथे वारा आवरावा लागतो. सूत्र तेच, योजना उलटी! २०२० च्या एप्रिलपासून आपल्या देशात लागू झालेल्या कडक नियमांनुसार बनलेल्या ट्रक व बस गाड्यांत अशी व्यवस्था असते.

सकाळी शाळेबाहेर गाडी थांबते तेव्हा तोंडावर रुमाल धरणारी आमची मुले आम्ही रोज पाहतो. जुनी गाडी असली की काळा लोट उठतो. नवी असली की नळीच्या तोंडाशी काही दिसतही नाही. त्या न दिसण्यात एका माणसाचे बारा वर्षांचे श्रम आहेत, हे किती जणांना ठाऊक असेल?

विद्यार्थिमित्रहो, शोध लावणारे पुष्कळ असतात. आपल्या कामातून जगाला जो ताप होतो तो आपणच निस्तरावा, असे मानणारे थोडे. हूद्री त्या थोड्यांतील होते. आपण मोठेपणी जे काही घडवाल त्याचा धूर कोणाच्या डोळ्यांत जातो आहे, इकडे एकदा वळून पाहण्याची सवय आतापासूनच लावून घ्या. त्यांच्या चरित्रातून एवढे घेतले तरी हे पान वाचल्याचे सार्थक होईल.